कमरेला कॅल्शियम

डॉक्टर माणसांना ‘अरे’ म्हणत आणि म्हशींना ‘अहो’. तबेल्याचा मालक कितीही बडा असो, त्याला ते कोपराने ढकलत. ‘सरक रे, बाईंना वारा लागू दे,’ म्हणत. मग म्हशीच्या कानाशी वाकून ‘काय होतंय तुम्हाला?’ असं इतक्या मनापासून विचारत की आता ती सविस्तर सांगायला लागेल, असं वाटायचं.

मी तेव्हा जनावरांची औषधं करणाऱ्या एका कंपनीचा एमआर होतो. वाईकडून आलेला, तुळिंजला नवाकोरा फ्लॅट घेतलेला आणि गळ्यात टाय बांधून गोठ्यागोठ्यांतून हिंडणारा. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. वसई-विरारचा पट्टा माझ्याकडे सोपवताना आधीच्या एमआरने एकच सल्ला दिला होता, ‘नंदाखाल गावच्या डॉक्टरांकडे टाय घालून जाऊ नकोस.’ मी गेलो. तेव्हापासून त्यांच्या लेखी माझं नाव टाय. ‘अरे टाय, ही दोरी धर.’ ‘टाय, चहा घेतोस का?’ माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, ह्याची मला आजही शंका आहे.

त्यांचा दवाखाना म्हणजे केळीच्या वाडीच्या कडेचा त्यांचाच जुना गोठा. दारावर पाटी होती, ‘जनावरांचा दवाखाना. माणसांनी मध्ये घुसू नये.’ पहिल्या दिवशी मी बॅग उघडून आमच्या कॅल्शियमच्या औषधाचं रंगीत पुस्तक काढलं आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

“पिणार कोण? मी?”

“नाही, सर. गाय.”

“मग तिला सांग.”

समोर एक तांबडी गाय बांधलेली होती. मला वाटलं, थट्टा आहे. पण रांगेतले लोक गंभीरपणे माझ्याकडे बघत होते आणि डॉक्टर हाताची घडी घालून उभे होते. शेवटी मी गायीसमोर उभा राहून आमच्या औषधाचे गुण सांगितले, पुस्तकातली चित्रंसुद्धा दाखवली. गायीने मान पुढे केली आणि पुस्तकाचा कोपरा चावून खाल्ला. डॉक्टर म्हणाले, “पसंत पडलं. ठेवून जा.”

त्यांची सगळ्यात गाजलेली सवय म्हणजे कमरेची बाटली. व्यायलेल्या गायीम्हशींना शिरेतून द्यायचं कॅल्शियम काचेच्या बाटलीत येतं. थंड औषध शिरेत गेलं तर जनावर दचकतं, काळजावर ताण येतो, म्हणून ते अंगाइतकं कोमट करून द्यायचं असतं. बाकीचे डॉक्टर बाटली गरम पाण्यात ठेवत. आमचे डॉक्टर ती पँटमध्ये, पोटाशी खोचत आणि वरून शर्ट सोडत. “निरोप आला की मी निघतो, आणि पोचेपर्यंत औषध तयार असतं,” ते म्हणत. “लोकांच्या घरी पाणी तापायची वाट कोण बघणार?”

ह्या बाटलीने त्यांची बरीच अब्रू घेतली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला गुडघे टेकताना ती बाकावर आपटून टणकन वाजायची. एकदा त्या आवाजानंतर फादरांचं प्रवचन शेजाऱ्यावरच्या प्रेमावरून घसरून दारूच्या व्यसनावर गेलं. अख्खं देऊळ डॉक्टरांकडे बघायला लागलं. डॉक्टरही मान हलवून प्रत्येक वाक्याला दाद देत होते. बाहेर आल्यावर फादर काळजीने म्हणाले, “निदान देवळात तरी नको.” डॉक्टरांनी शर्ट वर करून लेबल दाखवलं. “फादर, ही घेतली की बायका पडत नाहीत, उठतात.” फादरांच्या घरी गाय होती, त्यामुळे ते हसले.

बायका उठतात म्हणजे काय, ते मी चिंचोटीला पाहिलं. डॉक्टरांच्या एम-एटी स्कूटरवर मागे बसून गेलो होतो. औषध दाखवायला गेलेल्या माणसाला असं उचलून नेणं त्यांना अगदी रास्त वाटायचं. डोंगराच्या पायथ्याला भातशेती करणाऱ्या एका म्हातारीची म्हैस आदल्या दिवशी व्यायली होती आणि आता अंगणात बसली होती, ती उठेचना. मान वळवून बरगडीवर टाकलेली, डोळे थिजलेले. पलीकडे दोघंजण खड्डा कुठे खणावा ह्यावर हळू आवाजात बोलत होते. एक गृहस्थ मिरच्या-मीठ घेऊन नजर उतरवत होता.

“डागतर, म्हस उठंना,” म्हातारी म्हणाली. “पानी पन पीत नाय. लकवा मारला हिला.”

डॉक्टरांनी म्हशीचे दोन्ही कान मुठीत धरले. मग माझा हात ओढून एका कानावर ठेवला. कान मडक्यासारखा गार होता. नाकपुडीच्या वरची कातडी, जी एरवी ओली असते, ती कोरडी खडखडीत.

“शेण टाकलंय का?”

“सकालधरनं नाय.”

“लकवा नाही, बाई. ही बाळंतीण आहे. सगळं कॅल्शियम दुधात उतरलं. हाडांत भरपूर शिल्लक आहे, पण तिथून काढून रक्तात आणायला अंगाला वेळ लागतो. तोवर ही आडवी.” आणि म्हशीला म्हणाले, “घाबरू नका. तुमचंच तुम्हाला परत देतो.”

पोटाशी खोचलेली बाटली बाहेर आली. मानेच्या शिरेत सुई गेली. नळी जोडून त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. मी उत्साहाने ती डोक्याच्या वर धरली.

“खाली घे. वर धरलीस की भराभर जातं. घाई तुला आहे, तिच्या काळजाला नाही.”

स्वतः ते म्हशीच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावून, डोळे मिटून बसले. मधेच बोट खाली दाखवत, की मी बाटली उतरवायची. पुन्हा वर, की चढवायची. माझा दंड भरून आला. आणि मग म्हशीच्या मांडीवर बारीक थरथर सुटली. तिने मोठा ढेकर दिला. नाकावर दवासारखे थेंब आले. थोड्या वेळाने तिने शेपटी उचलली आणि माझ्या पॉलिश केलेल्या बुटांवर दिवसभराचं साठवलेलं शेण टाकलं.

“अभिनंदन,” डॉक्टर म्हणाले. मला नाही, म्हशीला.

उरलेलं औषध कातडीखाली टोचून होईतो ती धडपडत उठून उभी राहिली. खड्डा खणायला आलेले दोघं आपण केळी लावायला आल्याचा आव आणून निघून गेले. म्हातारी डॉक्टरांच्या पाया पडायला लागली, तर ते म्हणाले, “ते राहू दे. दोन-तीन दिवस सडं पार रिकामी पिळायची नाहीत. थोडं दूध आत सोडायचं. नाहीतर पुन्हा बसेल.”

तेवढ्यात नजर उतरवणारा पुढे झाला. “माज्या मिरच्या लागल्या,” तो म्हणाला.

मला हसू आलं. डॉक्टर मात्र गंभीर झाले. “खरंय,” ते म्हणाले. “पण तुझ्या मिरच्यांना एक अट आहे. माझी बाटली जवळ असली तरच लागू पडतात. तेव्हा पंचक्रोशीत कुठेही व्यायलेली म्हैस बसली की आधी मला निरोप, मग मिरच्या.”

तो माणूस पुढे डॉक्टरांचा सगळ्यात विश्वासू निरोप्या झाला. त्याच्या मिरच्यांचा गुण येण्याचं प्रमाणही म्हणे फार वाढलं.

पण ह्याच डॉक्टरांना फ्लॅटमधली कुत्री डोळ्यांसमोर नको असत. “कुत्रं राखणीला असतं. तुमच्या फ्लॅटमध्ये काय राखायचंय? सोफा?” कोणी कुत्रं घेऊन आलंच, तर ते शांतपणे त्याला म्हशींच्या मागे रांगेत उभं करत. बहुतेक लोक एक म्हैस होईपर्यंत थांबत आणि निघून जात.

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर परबबाई राहत. नवरा बोटीवर, घरात त्या आणि चिंगी नावाची पांढरी पॉमेरेनियन कुत्री. कुशीत मावेल एवढी. त्या एवढ्याशा चिंगीला पाच पिल्लं झाली आणि सोसायटीत असंतोष माजला. सेक्रेटरी होते मयेकर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे भोक्ते. गणपतीतल्या भजनाला तबला वाजवायचे तेवढा वेळ सोडला, तर बाकी वेळ ते कोणाच्या ना कोणाच्या मागे लागलेले असत. त्या महिन्यात परबबाईंचा नंबर होता.

एका रविवारी सकाळी जिन्यात आरडाओरडा ऐकून मी वर गेलो. परबबाईंच्या दारात गर्दी. आत चिंगी लाकडी खेळण्यासारखे पाय ताठ करून फरशीवर पडली होती. सगळं अंग थडथडत होतं, जीभ बाहेर, तोंडाला फेस, आणि धाप अशी की बघणाऱ्याला दम लागावा. पिल्लं बाजूच्या टोपलीत कुईकुई करत होती. मयेकर बोट पुढे धरून उभे होते. तिला काठीने बाहेर ढकलताना त्यावर ओरखडा उठला होता.

“पिसाळली आहे,” ते म्हणाले. “मी माणसं बोलावली आहेत. नेतील. इथे लहान मुलं आहेत.”

कुत्री पकडणारे दोघं खाली येऊन पोचलेसुद्धा होते. एकाच्या हातात लांब चिमटा होता. परबबाई चिंगीपुढे फतकल मारून बसल्या होत्या. “आधी मला न्या,” त्या म्हणत होत्या. मयेकरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना खरोखरच भीती वाटत होती, आणि भ्यालेल्या माणसाला समजावणं कठीण असतं.

मी नाक्यावरच्या बूथवरून नंदाखालला फोन लावला. डॉक्टर नुकतेच मिस्साहून आले होते.

“मी कुत्र्यांचा डॉक्टर नाही,” ते म्हणाले.

“सर, पिसाळलीय म्हणून चिमटेवाले घेऊन चाललेत.”

“पिल्लं आहेत?”

“पाच. तीनेक आठवड्यांची.”

“कुत्री केवढी?”

“मांजराएवढी.”

“खाते काय?”

“चहा-बिस्किट. दूध-पाव.”

“कान?”

“भाजतायत.”

“तिला ओला टॉवेल गुंडाळ. पिल्लं बाजूला. कोणी चिमटा लावला तर त्याला सांग, मी येतोय.”

डॉक्टर आले तोवर मी त्या दोघा माणसांना चहा पाजून जिन्यात बसवून ठेवलं होतं. दारातली गर्दी डॉक्टरांनी ‘सरका रे’ म्हणत कापली. चिंगीच्या तोंडाकडे, पायांकडे, लोंबणाऱ्या स्तनांकडे पाहिलं.

“लस टोचली होती?”

“दरवर्षी,” परबबाई म्हणाल्या.

“तुला ओळखते?”

परबबाईंनी हात पुढे केला. चिंगीने तशा थरथरत्या डोक्यानेही तो चाटायचा प्रयत्न केला.

“हे कॅल्शियम आहे,” डॉक्टर म्हणाले.

मी बुचकळ्यात पडलो. “सर, कॅल्शियम कमी झालं की जनावर गार पडतं ना? ही तर तापलीय.”

“म्हैस हात टेकते. कुत्री भांडायला उठते. स्नायू सुटायचं विसरतात, आवळत राहतात, त्या कष्टानेच ती तापते. कारण तेच. एवढंसं अंग, पाच तोंडं प्यायला आणि खायला बिस्किट.” मग मयेकरांच्या बोटाकडे बघून म्हणाले, “नख लागलंय. साबणाने धू आणि माणसांच्या डॉक्टरला दाखव. माणसांचं मला कळत नाही.”

“आणि तुमचं चुकलं तर?” मयेकरांनी विचारलं.

“तर सुईनंतर कळेलच. तोवर तुझा तो चिमटा जिन्यात राहू दे.”

ह्या वेळी कमरेला बाटली नव्हती. वरच्या खिशातून एक छोटी काचेची कुपी निघाली. छोट्या जिवाला छोटं औषध. माझ्या गळ्यातला टाय ओढून त्यांनी चिंगीच्या पुढच्या पायाला आवळून बांधला, तशी केसाएवढी शीर वर आली. रविवारी सकाळी मी टाय का घातला होता, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना फोन करायचा म्हणून असेल. मी पाय धरला, परबबाईंनी डोकं. डॉक्टरांच्या एका हातात शीर, दुसऱ्यात सिरिंज. छातीची नळी गळ्यात तशीच लोंबत होती.

“ठोका ऐकायला कोणीतरी पाहिजे,” ते म्हणाले. “जोरात गेलं तर काळीज थांबतं. ताल कोणाला कळतो?”

सगळ्यांनी मयेकरांकडे पाहिलं.

“मी नाही,” मयेकर म्हणाले.

“तबला वाजवतोस ना? बस इथे. जलद चाललंय ते चालू दे. सावकाश व्हायला लागलं किंवा एक मात्रा जरी चुकली, की हात वर. बोलायचं नाही.”

मयेकर बसले. नळी कानात घातली आणि दुसरं टोक, तोंड फिरवून, चिंगीच्या छातीला लावलं. मग हळूहळू त्यांचं तोंड सरळ झालं. डोळे मिटले. मांडीवर त्यांचं बोट नकळत ठेका धरायला लागलं. डॉक्टर सिरिंज इतक्या सावकाश दाबत होते की ती हलतेय की नाही कळत नव्हतं. खोलीत फक्त धाप ऐकू येत होती.

अचानक मयेकरांचा हात वर गेला.

डॉक्टरांनी दाबणं थांबवलं. परबबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मयेकरांच्या कपाळावर घाम आला होता आणि हात तसाच वर होता. मग तो हळूहळू खाली आला. “आलं,” ते कुजबुजले. “समेवर आलं.”

डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली, आधीपेक्षाही सावकाश. सिरिंज संपता संपता थडथड उतरत गेली, जशी पंख्याची पाती बटण बंद केल्यावर मंदावतात. पाय सैल पडले. चिंगीने मान उचलली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि परबबाईंच्या मांडीवर झोपून गेली. मयेकरांनी नळी काढली नाही. ते ऐकतच बसले.

चिमटेवाल्यांना परत पाठवलं. डॉक्टरांनी हात धुतले आणि पिल्लांच्या टोपलीसमोर उकिडवे बसले. “ही आज तिच्याजवळ नकोत. पुन्हा प्यायली तर पुन्हा हेच. आता तीन आठवड्यांची झालीत, वरचं दूध चालतं. चमच्याने, थोड्या थोड्या वेळाने.”

“मी आतल्या खोलीत ठेवते,” परबबाई म्हणाल्या.

“नको. आवाज ऐकला तरी तिला पान्हा फुटेल. आणि पाचही एकत्र ठेवायची नाहीत. प्रत्येकाला माणसाची ऊब लागेल.” त्यांनी गर्दीवर नजर फिरवली. “कमिटीत कोण कोण आहे?”

खजिनदार मागे सरकायच्या बेतात होते. त्यांच्या हातात एक पिल्लू पडलं. तळमजल्यावरच्या कमिटी सभासद बाईंच्या पदरात दुसरं. तिसरं मला. चौथं परबबाईंच्या समोरच्या बिऱ्हाडात, ज्यांनी सगळ्यात जास्त तक्रारी केल्या होत्या. पाचवं, सगळ्यात मोठं आणि भोकाड पसरणारं, डॉक्टरांनी मयेकरांच्या सदऱ्यात खोचलं.

“आमच्याकडे कुत्रं चालत नाही,” मयेकर म्हणाले.

“कुत्रं कुठे आहे? औषधोपचार आहे. उद्या सकाळी परत कर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर चिंगीला बघायला आले. ती उभी होती, अंडं खात होती. आम्ही पिल्लं गोळा करायला निघालो. खजिनदारांनी दार अर्धवट उघडलं. “अजून एक दिवस राहू दे. सर्दीसारखं वाटतंय त्याला.” समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलांनी दारच उघडलं नाही. आतून आवाज आला, ‘आई घरात नाहीये.’ आवाज आईचा होता.

मयेकर बनियन आणि लुंगीवर होते. लुंगीच्या ओच्यात काहीतरी हलत होतं. “झोपलाय,” ते हळूच म्हणाले. “रात्रभर जागा होता. तबल्यावर नुसतं बोट वाजवलं की गप्प व्हायचा. आत्ता नका उठवू.”

जिना उतरताना मी डॉक्टरांना विचारलं, “सर, पिल्लांना वेगवेगळं ठेवायची खरंच गरज होती?”

“छे. आतल्या खोलीत, एका टोपलीत मजेत राहिली असती.”

“मग?”

“मग चिंगी वाचली असती आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कारणाने चिमटेवाले आले असते.” पायरीवर थांबून ते म्हणाले, “पण मयेकरचा हात वर गेला ना, तो मी टाकलेला डाव नव्हता. मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं. मी दाबत राहिलो असतो.”

पुढे काही दिवस चिंगी लहान मुलाचं झबलं घालून हिंडत असे, कारण पिल्लं भेटायला आणली जायची आणि पोटाशी जायला बघायची. पाचही घरांतून लोक संध्याकाळी आपापलं पिल्लू घेऊन तिसऱ्या मजल्यावर जमत. परबबाईंनी माझं पिल्लू मात्र परत मागितलं. मी फिरतीवर असायचो आणि त्याला डॉक्टरांकडच्या म्हशींचा वास यायला लागला होता.

डॉक्टर साठीकडे झुकले होते. लग्न केलेलं नव्हतं. पुतण्या आखातात नोकरीला गेला, त्याने जनावरांचं शिकायला साफ नकार दिला होता. ‘तुमच्यामागे कोण?’ असं तबेलेवाले त्यांना तोंडावर विचारत आणि ते ‘तू’ असं म्हणून विषय संपवत. पण त्या दिवसांत एम-एटीवर ते नेहमीपेक्षा गप्प असत, हे मागे बसून मला कळायचं.

पावसाळा संपल्यावर तुळिंजच्या मागच्या तबेल्यात एक म्हैस बसली म्हणून आम्ही दोघं निघालो होतो. आमच्या बिल्डिंगसमोरून जाताना कंपाउंडमधून मयेकरांचा खडा आवाज आला.

“डॉक्टर, बस. बस म्हटलं ना? डॉक्टर, चिखलात जायचं नाही.”

डॉक्टरांनी करकचून ब्रेक दाबला. मयेकरांच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला गुबगुबीत पांढरं कुत्रं चिखलात लोळत होतं. आम्हाला बघून मयेकरांचे कान लाल झाले.

“नाव घरात मुलांनी ठेवलं,” ते म्हणाले. त्यांच्या घरात मुलं नव्हती.

डॉक्टर उतरले. कुत्र्यासमोर बसून त्याचे दात पाहिले, पाय सरळ आहेत का ते दाबून पाहिलं. “हाडं मजबूत आहेत. काय घालतोस?”

“अंडं. भाकरी. बुधवारी मटण.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि गाडी सुरू केली. तबेल्याच्या वळणापर्यंत ते गप्प होते. मला वाटलं, रागावले. मग पाहिलं, तर त्यांची पाठ हलत होती आणि गाडी रस्ताभर नागमोडी चालली होती.

“टाय,” ते मागे न बघता म्हणाले, “त्या तबेलेवाल्यांना आज सांगून टाक. म्हणावं, माझ्यामागे कोण, ती सोय झाली. पोरगं तुळिंजला शिकतंय. फक्त चिखलात जायचं नाही म्हणतात त्याला, ती सवय मी घालवीन.”